ममता, तो रंग बल्बचा नव्हता

ममता,

तू शेवटी सांगितलेलं काम मी बरेच दिवस टाळलं. "पिंकीचं रक्त तपासून घे," एवढंच तू म्हणाली होतीस. पिंकी माझी धाकटी बहीण, नववीत आहे. थंडी पडली की तिचे पाय दुखतात आणि माय लसूण टाकून तेल गरम करते, असं आमच्या घरी दर हिवाळ्यात चालतं. यंदा चुलीजवळ बसून तिने "ताई, पाय" म्हटलं आणि माझ्या हातातला पेला तसाच राहिला. तेव्हापासून ती समोर आली की मी तिच्या वेणीकडे बघायचे, दप्तराकडे बघायचे, डोळ्यांकडे बघायचे नाही. तिथे तुझ्या डोळ्यांतला रंग दिसला तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

कॉलेजच्या अंकासाठी तुझ्यावर लिही, असं मॅडमनी सांगितलं. मी "हसतमुख", "मनमिळाऊ" असं लिहिलं आणि फाडून टाकलं. तू हसतमुख कुठे होतीस? हातात कॅमेरा आला की तू माझ्यावर सारखी खेकसायचीस. दुसऱ्या कोणाला तुझ्याबद्दल सांगायला लागले की माझे शब्द खोटे होतात, म्हणून तुलाच लिहिते. तुझ्या मायला आधी विचारलं.  फोनवर ती म्हणाली, "आता कायले लपवू बाई? लिही."

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. गोंदियाला आले तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. ऑफिसातल्या बाबूला फॉर्म कुठे द्यायचा हे विचारायची, दुकानदारांच्या हिंदीची, वर्गात हजेरीला "येस सर" म्हणायची. तू केशोरीहून आलीस ती कॅमेरा टॉवेलात गुंडाळून. तुझ्या मामाने लग्नाचे फोटो काढणं सोडलं होतं आणि तो कॅमेरा तुला दिला होता. खोलीत आल्या आल्या तू पलंग कुठला, नळ कुठे, काहीच विचारलं नाहीस. खिडकीजवळ गेलीस, बाहेर बघितलंस आणि म्हणालीस, "उत्तरेची आहे. चांगलं झालं." मला वाटलं, तू वास्तुशास्त्र बघतेस. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, फोटोला बरा पडतो, हे मला नंतर कळलं.

त्या खोलीला घरमालकिणीने नुकताच हळदीसारखा पिवळा रंग दिला होता. एक खिडकी, मधोमध एक बल्ब. बाहेर ढग असले की आपण बल्ब लावायचो, कधी तो वायरसकट खाली ओढून स्टुलावर ठेवायचो, कधी त्याच्यापुढे साडीचा पातळ पदर धरायचो. घरमालकीण आंटी दारातून डोकावायच्या. "दिन में भी बल्ब? फिल्म बन रही है क्या?" तू म्हणायचीस, "हाँ आंटी, आपको भी लेंगे. सास का रोल है." त्या हसत जायच्या आणि त्यांच्या टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल त्यांनीच आपल्याला आणून दिलं. उजेड परतवायला आपल्याकडे तेवढं एकच साधन होतं.

मी पहिल्यांदा त्या स्टुलावर बसले तेव्हाचं मला आठवतं.

"हालून राहिली वं तू!"

"मी कुठं हालून राहिली? मी भेवून राहिली."

"कोनाले? मले?"

"कॅमेऱ्याले."

"त्याले दात नाहीत. हनुवटी खाली कर. एवढी नको, पाया पडून राहिली का?"

मग तू माझ्या गालाशेजारी पांढरा कागद धरायला दिलास. बल्बच्या उजेडात सगळंच पिवळं येतं, म्हणून आधी कागदावर कॅमेऱ्याचा रंग जुळवून घ्यायचा. कागद पांढरा आला, की चेहऱ्याचा रंग खरा आला असं समजायचं. "आधी कागद, मंग मानूस," तू म्हणायचीस. मी बसायचे, मग तू बसायचीस. एकीने उजेड हलवायचा, दुसरीने तो चेहऱ्यावर कसा जाणवतो ते सांगायचं. बल्ब नाकाच्या रेषेत आला तर चेहरा सपाट होतो, थोडा वर आणि बाजूला गेला तर गालाला गोलाई येते, हे मी तुझ्या चेहऱ्यावर शिकले. आजही डोळे मिटले तर तुझ्या नाकाची सावली कुठल्या उजेडात कुठे पडते हे मी सांगू शकते. हे सांगण्यासारखं आहे की नाही, मला कळत नाही.

आपल्याला काम मिळालं ते स्थळाच्या फोटोंचं. गावातल्या मुली पुरुष फोटोग्राफरपुढे अवघडून उभ्या राहतात, म्हणून त्यांच्या माया आपल्याला बोलवायच्या. आमच्या गावातला, कामठ्यातला पहिलाच फोटो आठव. मुलगी सावळी, छान डोळ्यांची. तू तिला घरापुढच्या छपरीच्या खांबाजवळ, सावलीत बसवलंस. अंगणातला उजेड एका बाजूने येत होता, मी दुसऱ्या बाजूला थर्माकोल धरून बसले होते. तिची काकू मागे उभी राहून कॅमेऱ्यात बघत होती.

"हे काऊन अर्ध्या तोंडावर अंधार? लाईट गेली का?"

"काकू, तो अंधार नाही. त्याच्यामुळंच तर नाक दिसून राहिलं."

"नाक कायले पाहिजे? पोरगी गोरी दिसली पाहिजे. उन्हात बसव तिले."

"उन्हात बसवली तं डोळे मिचकावते. मंग पाहुने म्हनतील, आंधळी आहे."

मुलगी खुदकन हसली आणि तू तेवढ्यात बटण दाबलंस. तो फोटो फार सुंदर आला होता. पण बाजारातल्या लॅबमध्ये छापायला दिला तेव्हा तिथला भैया सवयीने म्हणाला, "दीदी, गोरा कर दूँ क्या?" तू म्हणालीस, "नहीं भैया, जैसा है वैसा." आणि त्यावरून आपलं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत संपलं नाही.

मी म्हणायचे, त्यांना गोरा हवा तर द्यावा. एका फोटोवर मुलीचं लग्न अडतं. आपण कोण ठरवणार? तू म्हणायचीस, "पाहुने तिले बघाले येतील, तवा तू थर्माकोल घेऊन तिच्याजवळ उभी राहशील का?" मला मनातून पटायचं नाही. तुझ्यासारखं ठामपणे मला बोलता येत नव्हतं. मला वाटायचं, तू घाबरत नाहीस म्हणून तुला खरं बोलणं परवडतं.

तुझ्या डोळ्यांचा प्रश्न पहिल्यांदा आला तो पहिल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर. तू स्टुलावर, कागद गालाशेजारी. कागद पांढरा आला, दात पांढरे आले, ओढणी पांढरी आली. डोळ्यांतला पांढरा भाग मात्र पिवळसर. मी पुन्हा काढला. पुन्हा तसाच.

"ममता, डोळे पिवरे येऊन राहिले तुझे."

"बल्ब आहे ना तो."

"मंग कागद काऊन पांढरा?"

"भिंतीचा रंग डोळ्यात पडते वं. डोळा काचेसारखा राहते."

हे मला पटलं. खरंच पटलं. आपण भिंतीला आंटींची पांढरी चादर लावली. मग बल्ब बदलला. मग खिडकीशी बसून काढला. एकदा तर मी लेन्स पुसून पुसून हात दुखवून घेतला. तू बसून राहायचीस आणि मला सगळं करू द्यायचीस. मग एक दिवस म्हणालीस, "लेन्स जुना झाला. आजपासून तूच बस." त्यानंतर तू स्टुलावर जवळजवळ बसलीच नाहीस. मला वाटलं, तुला काढण्याची हौस जास्त आहे.

मी कसली फोटोग्राफर, ममता? समोर सगळं दिसत होतं. पाण्याची बाटली तू कायम जवळ ठेवायचीस. साध्या गारव्यातही तुझ्या अंगात स्वेटर. कधी जिन्यात एकदम थांबायचीस, गुडघा धरायचीस आणि "पाय झोपला" म्हणायचीस. आणि मी बल्ब बदलत होते.

मग तुझं स्वतःचं स्थळ आलं. तुझ्या मायने फोटो मागवला. तू मला म्हणालीस, "तू काढ." मी जीव लावून काढला. खिडकीचा उजेड, थर्माकोल खालून, तुझी निळी साडी. लॅबमध्ये भैयाने स्क्रीनवर फोटो उघडला आणि विचारायला तोंड उघडलं, तर तूच म्हणालीस, "गोरा मत करना. बस, आँख का पीला निकाल दो."

मी तुझ्याकडे बघितलं. तू स्क्रीनकडे बघत होतीस. भैयाने डोळे पांढरे केले, अगदी चुन्यासारखे. तू म्हणालीस, "थोडा कम." बाहेर आल्यावर मी चिडवलं, "आता जैसा है वैसा कुठं गेलं?" तू नेहमीसारखी खेकसली नाहीस. एवढंच म्हणालीस, "बल्बचा रंग होता तो. बल्बचा रंग काढला तं काय झालं?" त्या दिवशी आपण खिडकीच्या उजेडात फोटो काढला होता. बल्ब लावलाच नव्हता. हे मला तेव्हा सुचलं नाही. आता रोज सुचतं.

गेल्या हिवाळ्यात तू आमच्या घरी आलीस, तेव्हाचंही आता रोज आठवतं. पिंकीच्या पायाला माय तेल चोळत होती. तू उंबऱ्यात थबकलीस. मग जवळ बसलीस आणि मायला विचारलंस, "हिचे डोळे कधी पिवरे होतात का वं मावशी?"

"होतात कधी कधी. उन्हात लई फिरते ते."

तू मान हलवलीस आणि पिंकीला म्हणालीस, "पानी पीत जा." बस. परतीच्या बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत बसलीस. मला वाटलं, थकलीस. ममता, मी तुझ्यावर रागावले आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मला येतो राग. तुला माहीत होतं. त्या उंबऱ्यात तुला कळलं होतं. तेवढं तरी मला सांगायचं होतंस.

यंदा दिवाळीनंतर तू गावाहून परत आली नाहीस. मग कळलं, तुला गोंदियाच्या दवाखान्यात आणलं आहे. मी वर्गातून तशीच धावत आले. तुझ्या नाकावर ऑक्सिजनचा मास्क, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. डॉक्टर कोणाला तरी "सिकलसेलची पेशंट" म्हणाले, इतक्या सहज, जसं काही सगळ्यांना माहीतच आहे. मी तुझ्या मायकडे बघितलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "लहानपनापासून आहे वं. रक्तातच आहे, मायबापाकडून येते. लग्न व्हायचं होतं म्हनून कोनाले सांगितलं नाही. तिले बी नको सांगू म्हटलं होतं कोनाले."

मी तुझ्याजवळ आले तेव्हा तू मास्क थोडा बाजूला केलास. वॉर्डातल्या ट्यूबलाईटखाली तुझे डोळे किती पिवळे दिसत होते, आणि या वेळी दोष द्यायला मला बल्ब, भिंत, लेन्स काहीच नव्हतं. तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "पिंकीचं रक्त तपासून घे." मी म्हटलं, "हो, हो, तू बोलू नको." सिस्टरने मला बाहेर काढलं. तेच शेवटचं.

म्हणजे तू सांगितलंस. श्वास पुरत नव्हता तेव्हा तो माझ्या बहिणीसाठी खर्च केलास. वर ज्या रागाबद्दल लिहिलं, तो खोडायला मी पेन उचललं होतं. पण खोडला नाही. दोन्ही खरं आहे.

आणि एवढं होऊनही मी पिंकीला तपासायला नेलं नाही. मला वाटायचं, तपासलं नाही तोवर काही नाही. माय-बाबूजींना काय सांगायचं? समाजात एकदा बोलणं झालं की या घरच्या पोरींच्या रक्तात रोग आहे, तर तिचंही आणि माझंही सगळं थांबेल. तुझ्या मायला ज्या भीतीने गप्प केलं, तीच भीती आमच्या घरात चुलीजवळ बसून होती. बसमध्ये लोकांच्या डोळ्यांकडे बघायची मला सवय लागली होती. स्टीलच्या ताटात स्वतःचे डोळे बघायचे. ताटात काय दिसणार?

गेल्या आठवड्यात मी कामठ्याला होते. सकाळी पिंकीला छपरीत बसवलं, तू शिकवलेल्या बाजूच्या उजेडात. वहीतलं कोरं पान तिच्या गालाशेजारी धरलं.

"काय करून राहिली ताई?"

"हालू नको."

"कॅमेरा कुठं आहे?"

"कॅमेरा नाही. माझ्याकडे पाह्य."

तिने पाहिलं.  मी बघितलं, ममता. आधी कागद बघितला, मग तिचे डोळे. कागद तेवढा पांढरा होता. मग मी पान खाली ठेवलं आणि म्हटलं, "वेणी घाल, दवाखान्यात जायचं आहे."

"कायले?"

तुझ्या घरी या प्रश्नाचं उत्तर कधी कोणी दिलं नाही, असं मला वाटतं. मी पिंकीला बसथांब्यापर्यंत चालता चालता सगळं सांगितलं. तू कशाने गेलीस, तिचे पाय का दुखत असतील, मला काय भीती वाटते. मला नीट सांगता आलं नाही, मधे मधे थांबत होते. तिने विचारलं, "मी मरीन का?" मी म्हटलं, "मले माहीत नाही. पन औषध राहते म्हनतात. आधी कळलं तं सांभाळता येते." ती थोडा वेळ चालली आणि म्हणाली, "तू बी सुई टोचून घेशील?" मी हो म्हटलं. माझा तो विचारच नव्हता.

सिस्टरने आमच्या बोटांतून रक्त घेऊन दोन काचेच्या नळ्यांतल्या औषधाच्या पाण्यात टाकलं आणि थोड्या वेळाने त्या रेघा मारलेल्या कार्डापुढे धरल्या. पाणी स्वच्छ राहिलं तर मागच्या रेघा दिसतात, गढूळ झालं, म्हणजे रक्तात सिकलसेल असला, तर दिसत नाहीत. पिंकीच्या नळीतून रेघा दिसत नव्हत्या. माझ्याही नाही.

"घाबरू नका," सिस्टर म्हणाल्या. "एवढ्यावरून रोग आहे असं होत नाही. आईबापांपैकी एकाकडूनच आलेला नुसता अंश असू शकतो, मग त्रास होत नाही. दुसरी तपासणी बाहेर जाते, त्यात कळेल. तोवर हिला भरपूर पाणी पाजा, थंडीत जपा, आणि ताप आला तर घरी थांबू नका." मी घाबरू नका हे ऐकलं आणि जास्तच घाबरले. त्या दुसऱ्या तपासणीचा निकाल अजून आलेला नाही.

परतताना बस भरलेली होती. पिंकीला आमच्या शेजारच्या शेवंतामावशीजवळ जागा मिळाली, मी मागे दांडा धरून उभी होते. बाबूजींपुढे म्हणायचं वाक्य मनात जुळवत होते, मोडत होते.

घरी बाबूजी छपरीत धानाच्या पोत्याचं तोंड शिवत बसले होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "बाबूजी, पिंकीच्या रक्तात सिकलसेल निघाला. माझ्या बी. दुसरी तपासनी व्हायची आहे." सुई थांबली. माय आतून बाहेर आली. 

बाबूजी म्हणाले, "कोनाकोनाले माहीत आहे?"

"कोनालेच नाही."

"मंग माहीत होऊ देऊ नको. दोघींचे लग्न व्हायचे आहेत."

मला हेच अपेक्षित होतं. पिंकी चप्पल काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मी तं सांगून बसली."

"कोनाले?"

"शेवंतामावशीले. तिनं इचारलं, दवाखान्यात कायले गेल्या होत्या, म्हनून."

मायने डोक्याला हात लावला. शेवंतामावशीला कळलं म्हणजे दिवेलागणीपर्यंत अर्ध्या कामठ्याला कळलं. बाबूजी पिंकीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते तिला मारतील. त्यांनी आमच्यावर कधी हात उचललेला नाही, तरी वाटलं.

"आनखी काय सांगितलं?"

"लई पानी प्यावं लागते म्हनून. तिच्या नातवाचे बी पाय दुखतात म्हने, तं त्याले घेऊन जा म्हटलं."

 बाबूजींनी सुई पोत्यात टोचून ठेवली.

"तिले पानी दे," ते मायला म्हणाले.